चौथा खण

१

माझं काम यादीचं. घर बांधायचं ठरलं की कुठल्या कामाला कुठलं लाकूड, किती लांबीचं, किती नग, हे मी कागदावर उतरवतो. चौकटीला सागवान, वाशांना ऐन चालतो, फळ्यांना मालकाला झेपेल ते. वर दहा टक्के घट धरायची, कारण गाठी निघतात, चिरा निघतात आणि सुतारांचे हात चुकतात. सिव्हिलचा डिप्लोमा मी दुसऱ्या वर्षाला सोडला. नापास झालो नव्हतो. अण्णा, म्हणजे माझा बाप हौशीराम मिस्त्री, म्हणाले की वर्गात बसून भिंती मोजण्यापेक्षा आमच्यात ये, आणि मी बावळटासारखा आलो. त्याला चार वर्षं झाली. तेव्हापासून मोठ्यांच्या शब्दाला मी काडीची किंमत देत नाही, पण ऐकतो मात्र सगळं. हा माझा दोष आहे, आधीच सांगून टाकतो.

आमची शेड लोणावळ्यात, वलवणला. चार वर्षं आम्ही पुण्या-मुंबईच्या लोकांच्या बंगल्यांना जिने आणि दारं बसवली. यंदा पहिल्यांदा काम स्वतःच्या घराचं होतं. सुदुंबऱ्याचं आमचं जुनं घर मे महिन्यात उतरवलं. त्या जागी खाली सिमेंटचं घर, आणि वरच्या मजल्यावर जुन्याच लाकडाचं छप्पर. नवं लाकूड आणायचं नाही, हा अण्णांचा हट्ट. दोन टेम्पो भरून लाकूड शेडमध्ये आलं आणि मी मोजायला बसलो.

खण म्हणजे दोन तुळयांमधली जागा. आमचं घर तीन खणांचं होतं. पुढे ओसरी, मध्ये माजघर, मागे चूल. मी त्याच घरात रांगलो, मला कुणी सांगायला नको. तीन खणांना चार तुळया, आठ खांब, एकवीस वासे, तीन चौकटी.

मोजल्या सहा तुळया. बारा खांब. अठ्ठावीस वासे. चार चौकटी.

माझीच चूक असणार म्हणून ढीग उलटा लावून परत मोजलं. तेवढंच. दुसऱ्या कुणाचं लाकूड मिसळलं असेल म्हणावं, तर जुन्या सुतारांची एक पद्धत असते. जोडाच्या दोन्ही लाकडांवर पटाशीनं सारख्या रेघा मारायच्या, म्हणजे घर उतरवून पुन्हा उभं करताना कोण कुणाचा ते कळतं. पहिल्या खणाला एक रेघ, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन. जास्तीच्या प्रत्येक लाकडावर चार रेघा होत्या. हात तोच, तिरकेपणा तोच.

नवा पाया खणायच्या आधी, शनिवारी सुदुंबऱ्याला जाऊन मी जुन्या जोत्याच्या खुणांवर टेप धरला. सत्तावीस फूट. नऊ-नऊचे तीन खण. चौथ्याला जागाच नव्हती.

२

राजमहंमद चाचा आमच्या शेडवरचे सुतार, सुदुंबऱ्याशेजारच्या इंदुरीचे. सत्तरी गाठलेले, पण रंधा अजून माझ्यापेक्षा सरळ मारतात. त्यांच्या वडिलांनीच आमचं घर बांधलं होतं. मी त्यांना चार रेघांचा खांब दाखवला. त्यांनी हातातला चहा खाली ठेवला.

"मोजलंस व्हय?"

"मोजणार नाही तर काय? माझं कामच ते आहे."

"मग आता परत मोजू नगंस."

"चाचा, कोड्यात बोलू नका. हा चौथा खण कुठला?"

त्यांनी शेडच्या दुसऱ्या टोकाला बघितलं. अण्णा तिकडे करवतीला धार लावत होते, पाठमोरे. चाचा हळू म्हणाले, "तुझ्या आजानं माझ्या बापाकडनं एका दिसात करून घेतला. घराच्या मागं, सुटा. दोन सालं हुता. मग उतरवला आन इंदुरीत नदीकडंला पेटवला. मी समोर हुतो, सत्या. ह्या डोळ्यांनी जळताना बघितलंय ते लाकूड."

"मग हे काय आहे?"

"ते मला कशाला इचारतोस? मी सुतार हाय."

"आणि आत काय होतं? गोठा?"

करवतीचा आवाज थांबला. अण्णा वळले नाहीत. "चहा झाला असंल तर कामं करा," ते म्हणाले.

घरी, म्हणजे बांधकाम होईपर्यंत गावात घेतलेल्या भाड्याच्या खोलीत, आईला विचारलं. ती भाकरी थापत होती. तव्याकडे नाही, परातीकडे नाही, माझ्याकडे तर नाहीच, भिंतीकडे बघून म्हणाली, "घर तीन खणांचंच होतं."

मी विचारलं होतं मागच्या त्या सुट्या खणाबद्दल. तिनं उत्तर दिलं पाठ केल्यासारखं. आमच्या घरात हे असंच. जे विचारू नये ते विचारलं की सगळे मोठे एकाच आवाजात बोलतात.

३

आता सृष्टीबद्दल सांगायला हवं, कारण बाकी सगळं तिच्यासाठी आहे.

सृष्टी माझी बहीण, एकोणीस वर्षांची. नर्सिंगला मिरजेत तिचा नंबर लागला होता. अठ्ठावीस ऑगस्टपर्यंत मूळ कागदपत्रं घेऊन हजर व्हायचं, नाहीतर जागा गेली. कागदपत्रं अण्णांच्या ट्रंकेत, ट्रंकेला कुलूप, किल्ली कमरेला. अण्णांचं म्हणणं एकच: "पोर घरात असावी. वर खोली देतोय की तिला. आजून काय पायजे?" म्हणजे मला शिक्षणातून ओढून कामाला लावलं आणि तिला शिक्षणातून ओढून खोलीत ठेवणार. मी तिला शब्द दिला होता, अठ्ठावीसच्या आधी तुला गाडीत बसवतो. बसवलं नाही तर माझं नाव बदल.

वीस तारखेला ती डबा घेऊन लोकलनं शेडवर आली. लोणावळ्याच्या ऑगस्टात धुकं सरळ शेडमध्ये शिरतं, दहा फुटांवरचा माणूस सावलीसारखा दिसतो. मी चौकटींची उंची ठरवत होतो. त्याची आमच्यात एक रीत आहे. टेप नंतर आला, आधीपासूनची ती मापकाठी. सात फुटांची सागाची पट्टी. ज्याची खोली त्याला काठीला पाठ लावून उभं करायचं, डोक्याशी पटाशीनं खाच मारायची, आणि दार त्याच्यावर वीतभर उंच ठेवायचं. आमची काठी नेहमी कोपऱ्यात असते. त्या दिवशी हाताशी दुसरीच होती, जुन्या ढिगातून निघालेली. मी तीच उचलली. माझी चूक एवढीच. पुढचं सगळं तिच्यातून आलं.

"सृष्टे, इथं उभी राहा."

"का रे? रद्दीवाल्यासारखं वजन पण करणार?"

"तुझं वजन करायला काटा मोठा लागेल. ताठ उभी राहा."

"माझ्या खोलीचं माप घेतोस? मी जाणारे ना मिरजेला?"

"जाणारच आहेस. पण यादीत दाराची उंची लिहावी लागते, नाहीतर अण्णा बोंबलतील. ही नुसती कागदावरची खोली."

ती उभी राहिली. मी खाच मारली. तिनं मान झटकली. "थंड आहे रे काठी. मानेला लागली."

पाच फूट एक इंच. खाच मारल्यावर दिसलं की काठीवर आधीची एकच खाच होती, चार फूट नऊ इंचांवर. घराच्या मापकाठीवर घरातल्या सगळ्यांच्या खाचा असतात. एकच खाच असलेली काठी मी कधी पाहिली नव्हती.

सृष्टीला स्टेशनवर सोडून आलो आणि चौथी चौकट परत बघितली. यादीत माझ्याच अक्षरात तिची उंची होती चार फूट नऊ. बुटकी चौकट, असं बाजूला लिहिलंही होतं. टेप लावला. पाच फूट एक.

लाकूड फुगतं, हे मला कुणी शिकवायला नको. लोणावळ्यात तर पावसाळ्यात दारं अडकतातच. पण लाकूड फुगतं ते आडवं, रुंदीत. लांबीत ते चार इंच वाढत नाही. टेपचं टोक वाकलं असेल म्हणून दुसरा टेप आणला. पाच फूट एक. आणि वर वीतभर जागा नाही. बरोबर डोक्याएवढी. असलं दार माणसानं जा-ये करण्यासाठी नसतं.

चौकटीला कडीची भोकं होती. बाहेरच्या बाजूला. आत कडी नाही, खुंटी नाही, काही नाही.

४

दुसऱ्या दिवशी मी चार रेघांच्या फळ्या उजेडात नेल्या. आतल्या बाजूनं एका फळीवर एक जागा गुळगुळीत होती. तळहाताएवढी, किंचित खोल. तिथं रेषाच उरल्या नव्हत्या. आम्ही लाकूड तासून, घासून, मेण लावून जितकं मऊ करतो त्याहून मऊ. जमिनीपासून साडेचार फुटांवर. मी माझं कपाळ त्या जागेच्या समोर नेलं आणि काय ते कळल्यावर मागे सरलो.

तेव्हापासून आवाज यायला लागला. बारीक, पॉलिश पेपर फिरवल्यासारखा. आम्ही सगळे जेवायला बसलो की ढिगाकडून यायचा. उठून गेलं की थांबायचा. उंदीर असतील. पत्र्यावर फांदी घासत असेल. शेडच्या आसपास झाड नाही, हे मला ठाऊक होतं, तरी मी दोन दिवस फांदीच म्हणत राहिलो.

तेवीस तारखेला सुदुंबऱ्याला नव्या स्लॅबवर गेलो. वर फक्त छातीभर विटा झाल्या होत्या, एका कोपऱ्यातलीच भिंत पूर्ण उंचीची. सृष्टी त्या भिंतीकडे तोंड करून उभी होती. मला वाटलं फोनवर बोलतेय. जवळ गेलो तर तिचं कपाळ विटांना टेकलेलं आणि डोकं हळूहळू हलत होतं, इकडून तिकडे. तोच आवाज.

"सृष्टे!"

ती वळली. कपाळावर विटेची लाल भुकटी, खाली सोललेलं. "काय रे दादा? ओरडतोस काय?"

"काय करतेयस?"

"कुठं काय. खोली बघत होते. हवा चांगलीये इथं."

"मिरजेचं सामान भरलंस का?"

तिनं जरा वेळ आठवून बघितलं. खरंच आठवून. मग म्हणाली, "मला वाटतं, नकोच जायला."

ही पोरगी रात्रपाळी करून शिकेन म्हणत होती. बारावीला तालुक्यात तिसरी आली होती. मी तिचे खांदे धरून हलवले. ती हसली, पण मी दारात आलेला पाहुणा असल्यासारखी.

मी शेडवर परतलो आणि ती चौकट कापली. दोन्ही बाजू, वरची पट्टी, उंबरा. फूटफुटाचे तुकडे केले आणि शेडच्या मागे चुलीत घातले. चाचा लांब उभे राहून बघत होते. म्हणाले, "आमीबी असंच केलतं." आणि पिशवी उचलून गेले. गुडघा दुखतो म्हणून परत कामावर आले नाहीत. म्हातारा माणूस, सगळं ठाऊक, आणि उपयोग शून्य.

सकाळी चौकट ढिगावर होती. पाच फूट एक. चुलीत राख होती, ती मी हातानं चिवडली. राख खरी होती.

५

पंचवीसला सृष्टीनं जेवण टाकलं. सव्वीसला बोलणं. स्लॅबवरच्या भिंतीपासून तिला आईनं आणि मी ओढून आणायचो, की ती परत जायची. आईला म्हटलं, डॉक्टरला दाखवू. आई म्हणाली, "दाखवू." पण उठली नाही. पदराचं टोक तोंडात धरून बसून राहिली. तेव्हा मला कळलं की हे असं कसं सुरू होतं ते हिला ठाऊक आहे. पुढं काय होतं तेही. नवी नवरी म्हणून आली तेव्हा कुणीतरी तिला बसवून सांगितलं असणार, आणि तेव्हापासून ही बाई गिळून बसलीये.

सत्तावीसला सकाळी मी शेडवर गेलो. डोक्यात एकच हिशेब. जी खाच शेवटची, तिच्या मापाची चौकट. शेवटची खाच सृष्टीची होती. तिच्यानंतर दुसऱ्या कुणाची पडली तर?

आधी स्वतःचा विचार केला, हे खरं सांगतो. काठीला पाठ लावलीही. लगेच थंडी मानेतून उतरली आणि मी बाजूला उडी मारली. मी बावीस वर्षांचा आहे. माझं अजून काहीच झालेलं नाही. मग अण्णा आले.

"अण्णा," मी म्हणालो, "जरा इथं उभे राहा. तुमच्या खोलीच्या दाराचं माप राहिलंय."

आवाज शक्य तेवढा साधा ठेवला. त्यांनी माझ्या हातातल्या काठीकडे बघितलं. मला वाटलं आता कानफटात बसणार. बसली असती तर बरं झालं असतं.

"माधवीअक्का माझ्यापरीस सात वर्सांनी मोठी," ते म्हणाले. सख्ख्या आत्याचं हे नाव मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होतो. "तिलाबी जायचं हुतं."

"कुठं?"

"मला काय म्हाईत. मी धा वर्सांचा. आबा म्हनले कडी लाव, मी लावली. रोज मीच लावायचो. घरात तवा इचारायची पद्धत नव्हती."

"आताही नाही!" मी ओरडलो. "आता तरी कुठं आहे? तिचं सगळं त्या ट्रंकेत कोंडून ठेवलंत तुम्ही! तुम्हाला हे लाकूड दिसलं तेव्हाच कळलं होतं ना? तरी यादी करायला लावलीत मला!"

"मला वाटलं, यंदा नुसतं लाकूडच असंल," एवढंच म्हणाले. मग डोक्यावरची टोपी काढली, घडी करून खिशात ठेवली, आणि काठीला पाठ लावून उभे राहिले. कमरेची किल्ली सोडून माझ्याकडे दिली. डोळे मिटले.

"मार," म्हणाले.

मी थांबू शकत होतो. हात थरथरला असं लिहिलं तर वाचणाऱ्याला बरं वाटेल. थरथरला नाही. चार वर्षांत मारलेली सगळ्यात सरळ खाच ती. पाच फूट चार.

६

अण्णांना शेडमध्येच सोडून मी घरी पोचलो तेव्हा सृष्टी ओट्याशी उभी राहून पातेल्यातूनच वरणभात खात होती. "कपाळ कशानं सोललं रे माझं?" तोंडात घास ठेवून तिनं विचारलं. आणि लगेच, "आज तारीख किती? दादा, आज तारीख किती?"

ट्रंक उघडली, कागदपत्रं काढली. देहूरोडवरून लोकल धरून पुणे, तिथून कोल्हापूरकडची गाडी. डब्यात चढताना ती म्हणाली, "अण्णांना न सांगताच चाललेय मी."

"त्यांनीच किल्ली दिली," मी म्हणालो. ती रडायला लागली. आनंदानं. गाडी हलली.

तिथून मी शेडवर गेलो. दुपारचे चार वाजले असतील, धुकं दारापर्यंत आलं होतं. शेडच्या मधोमध चौथा खण उभा होता. चार खांब, दोन तुळया, भोवती फळ्या, जोड इतके घट्ट की नख शिरणार नाही. एका माणसाच्यानं हे आठवड्यातही होत नाही. दाराला कडी लागलेली होती, बाहेरून.

आतून तो आवाज येत होता.

"अण्णा?"

आवाज थांबला. दोन फळ्यांमध्ये बोटभर फट होती, एवढ्या कामातली एकच. मी डोळा लावला. अण्णांचा मळका शर्ट दिसला, पाठीकडून. ते भिंतीकडे तोंड करून उभे होते. आणि त्यांच्या खांद्यापाशी, जिथं कुणी असायला नको होतं तिथं, तेल लावून चोपून काढलेला केसांचा भांग. तो हळूहळू फटीकडे वळायला लागला.

मी डोळा काढला.

कडी माझ्या हाताशी होती. साधी लोखंडी कडी, वर उचलली की निघते. ती मी लावली नव्हती. मी ती काढलीही नाही. उचलली तर खाच कुणाची शेवटची धरली जाईल, गाडी पुण्यापासून किती लांब पोचली असेल, एवढंच मी उभा राहून मोजत होतो. मोजता मोजता बाहेर आलो आणि शेडचं दार ओढून घेतलं.

सकाळी शेडमध्ये ढीग होता. चार तुळया, आठ खांब, एकवीस वासे, तीन चौकटी. चार रेघांचं एकही लाकूड नाही. चार वर्षांत पहिल्यांदा माझी यादी एका नगानंही चुकली नाही.

आई गावात सांगते, अण्णा बाहेरगावी कामावर गेलेत. लोक मान डोलवतात. मोठी माणसं एकमेकांना जास्त विचारत नाहीत.

दिवाळीच्या आधी छप्पर चढलं. सृष्टीचा मिरजेहून फोन आला. वॉर्डातले किस्से, मेसची आमटी, मैत्रिणींची नावं. मग म्हणाली, "अण्णांचा फोन का लागत नाही रे? कुठल्या गावाला गेलेत? आणि वर माझी खोली ठेवलीत का? किती खण झाले वर?"

आई ओट्याशी भाकरी थापत होती. तिचे हात थांबले.

मी भिंतीकडे बघितलं.

"घर तीन खणांचंच आहे," मी म्हणालो.